पाटावरचं पाऊल

धोंडुबाईने डोक्यावरचं गाठोडं पेणमधल्या गणपतीच्या कारखान्याच्या ओट्यावर उतरवलं, फडक्याच्या गाठी एकेक करून सोडल्या आणि आतला पाट हिरामणच्या पुढ्यात सरकवला.

फणसाच्या लाकडाचा जुना पाट. त्याच्यावर गणपतीच्या बैठकीचा तुटका तळ चिकटून राहिला होता आणि तळावर एक पाऊल. घोट्यापासून खालचं, गुलाबी, नखांना सोनेरी काठ काढलेलं. पावलाशेजारचा उंदीर मात्र शाबूत होता. दोन्ही हातांत लाडू धरून तो वर बघत होता आणि वर काहीच नव्हतं.

हिरामणने पाट ओळखला. निडी गावाहून दर वर्षी येणारा हा पाट तो लहानपणापासून बघत आला होता. आधी त्याचा बाप महिपती त्यावर मूर्ती बसवायचा, मग तो बसवू लागला. पाऊल मात्र त्याच्या हातचं नव्हतं. तुटक्या घोट्यातून आतली पोकळी दिसत होती आणि कडेने पांढरी भुकटी गळत होती. पेणमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ही शाडूची माती नव्हे, प्लास्टर आहे.

“मावशी, हा पाट यंदा माझ्याकडे आलाच नव्हता,” तो म्हणाला.

“तुझ्याकडंच दिला,” धोंडुबाई म्हणाली. “रोह्याला.”

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला होता. हंगाम सरला की कारखान्याला लग्न लागून गेलेल्या मांडवाची कळा येते. रिकाम्या फळ्या, रंगाचे वाळलेले ओघळ, कोपऱ्यात उरलेल्या मातीवर ओलं गोणपाट. हिरामणची बायको मैना मागच्या दारी कुंचले धूत बसली होती. बोलण्याचा आवाज ऐकून ती हात पुसत आली, पाटाकडे बघितलं आणि तिने पदर तोंडाला लावला. कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे तीच कुंचल्याने लिहायची. तुटक्या मूर्तीकडे तिला बघवत नसे.

धोंडुबाईने सगळं सांगितलं, ते आवाज न चढवता. गुडघे धरल्यामुळे यंदा तिला पेणपर्यंत यायला झालं नव्हतं. नातू ऋत्विक नागोठण्याला कंपनीत कामाला. त्याने मोबाईलवर पेणचा शाडूचा गणपती शोधला, तर सगळ्यात वर महिपतीचंच नाव आलं. फोटोसुद्धा महिपतीचा. खाली लिहिलेलं, आता रोह्यातही पाट स्वीकारले जातील. आजी, तुझा कारखानाच इकडे आलाय, उगाच गाडीचे धक्के कशाला खातेस, असं तो म्हणाला. पाट रोह्याला गेला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून मूर्ती दारात आली, तेव्हा हाताला हलकी लागली. पण धोंडुबाईने मनात पाल चुकचुकू दिली नाही. नाव महिपतीचं होतं.

मग विसर्जन. पाटासकट मूर्ती तळ्यात नेतात, तीनदा बुडवतात आणि अलगद पाण्यात सोडतात. पाट मोकळा होतो. त्यावर तळातली ओंजळभर माती घेऊन घरी यायचं, पाटाला ओवाळायचं आणि मग पानं वाढायची, ही त्यांच्या घरची रीत. यंदा मूर्ती पाटावरून सुटेना. ऋत्विकने हलवून बघितली, त्याच्या चुलत्याने ओढून बघितली. काठावरच्या बायका आधी मोरया म्हणत होत्या, त्या हळूहळू गप्प झाल्या. शेवटी चुलत्याने पाण्याखाली पाटावर पाय दिला आणि देवाला दोन्ही खांद्यांना धरून उपटलं. आवाज आला, कौल फुटल्यासारखा. देव हातात आला आणि पाऊल पाटावर राहिलं. हातातला देव पाण्यात सोडला तर बुडेना. आडवा पडला आणि तरंगत राहिला.

“सकाळी कपडे धुवायच्या दगडाला येऊन लागला होता,” धोंडुबाई म्हणाली. “रंग गेलेला. पोट वर. त्याच्यावर कावळा बसलेला. तोंडाला नाक-सोंड काय नाय, पण डोळे तसेच. बायका बादल्या घेऊन परत फिरल्या. तवापासून मला अन्न गोड लागत नाय, बाबा. घास घेतला का तेच पोट दिसतं.”

हिरामणने पाणी प्यायला तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“ते माझं काम नाही, मावशी. रोह्याला भागीदार आहे, प्रणित म्हणून. त्याने परस्पर...”

“नाव तुझ्या बापाचं व्हतं का नाय?”

हिरामणने पाटावरची भुकटी तळव्याने पुसली.

“मला पैशे नको,” ती म्हणाली. “सासूनं दिलेला पाट हाय. तेवढा मोकळा करून दे.”

हा प्रणित हिरामणच्या आयुष्यात आला तो फोनमधून. तीन हंगामांपूर्वी ऐन मातीकामाच्या दिवसांत त्याचा फोन आला. काका, तुमच्यासारखी शाडूची मूर्ती अख्ख्या पेणमध्ये नाही, पण मोबाईलमध्ये तुम्ही कुठेच नाही. जो दिसत नाही तो नसतो. तुम्ही मूर्ती करा, लोकांना दिसायचं काम माझं. बोलणं मधात घोळलेलं होतं, आणि हिरामणला ते गोडच लागलं. त्याच्या कारखान्याला पाट येत ते गावांतून, बापाच्या ओळखीने. एकेक म्हातारा गेला की एकेक पाट कमी व्हायचा. पोरं पनवेलला जाऊन तयार मूर्ती घेत.

मैनाने तेव्हा एकच सांगितलं होतं. मुलगी द्यायची तर आपण चार घरी पाणी पिऊन चौकशी करतो, इथे तर सासऱ्यांचं नाव द्यायचंय, रोह्याला एक फेरी मारून या. पण भिजवलेली माती कोणाची वाट बघत नाही. हंगामात कारखाना सोडून हिरामण शेजारच्या आळीतही जात नसे. मातीचा हात लुंगीला पुसून त्याने प्रणितचं नाव मोबाईलमध्ये घातलं. पहिलंच पान उघडलं: रोह्याचा विश्वासू तरुण उद्योजक. गळ्यात हार, हातात सन्मानचिन्ह, खाली पंचवीस-तीस लोकांनी केलेली वाहवा. हिरामणने मोबाईल मैनापुढे धरला. झाली चौकशी, म्हणाला.

ते पान प्रणितनेच पैसे भरून लिहवून घेतलेलं आहे, असं म्हणायला तिथे मोबाईलमध्ये कोण बसलं होतं?

पहिल्या वर्षापासून महिपतीचं नाव वर गेलं. मूर्ती इथून रोह्याला जायच्या आणि तिथून पुढे. गिऱ्हाइकांनी लिहिलेलं कौतुक प्रणित पाठवायचा: तीन पिढ्यांचा हात, मातीत जीव ओततात. हिरामण रोज जेवल्यावर ते वाचायचा. आयुष्यभर लोकांनी त्याला ‘बरा झालाय रे गणपती’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आता अनोळखी माणसं त्याला कलावंत म्हणत होती. तो खाली हात जोडल्याचं चित्र टाकायचा आणि मोबाईल उशाशी ठेवून झोपायचा. स्वतःचीच आरती ऐकत झोपणारा माणूस जरा बहिरा होतोच. इथून जेवढ्या मूर्ती जात त्याहून कितीतरी जास्त माणसं वाहवा करत होती, हे त्याला ऐकू आलं नाही.

धोंडुबाईला मैनाने आत नेऊन बसवलं. हिरामणने पटाशी घेतली आणि पाटावरचा तळ सुटतो का ते बघू लागला. टेम्पोत मूर्ती हलू नये म्हणून खाली कसला तरी पिवळट लेप भरला होता, तो दगडासारखा घट्ट झाला होता. जोर दिला की लाकडाचा कपचा निघायचा. शाडूची मूर्ती पाटावर ओल्या मातीच्या चार गोळ्यांवर बसते, त्यात बोटाचा जोर लागतो तेवढाच. देवाला जायचं असतं, हे बसवतानाच ठाऊक असतं. ही बसवणाऱ्याला देव बोळवायचाच नव्हता, फक्त पोचवायचा होता.

त्याने पटाशी टाकली आणि मोबाईल काढला. हात भुकटीने भरलेले असल्यामुळे काचेवर पांढरे ठसे उमटले. महिपतीचं पान उघडून तो नवी वाहवा वाचत खाली गेला. शब्द तेच होते, नावं वेगळी. मग एका नावावर त्याचं बोट थांबलं. तो उठून आत गेला. धोंडुबाईपुढे मैनाने पेजेची वाटी ठेवली होती, ती तशीच होती.

“मावशी, तुम्ही काही लिहून घेतलंत का मोबाईलवर? ऋत्विककडून?”

“काय लिवायचं?”

त्याने वाचून दाखवलं. “धोंडुबाई, निडी. अतिशय सुंदर शाडूची मूर्ती. पाण्यात सोडताच विरघळली. महिपती म्हणजे विश्वास. पाच चांदण्या.”

“चांदण्या कसल्या?”

“गिऱ्हाईक खूश झालं की देतं. सगळ्यात जास्त पाच.”

धोंडुबाईने त्याच्याकडे बघितलं. मग मैनाकडे बघितलं.

“मैना गो, मी दिल्या?”

धोंडुबाईने पेजेची वाटी बाजूला सारली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. पाट मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी हिरामण पाट पोत्यात घालून रोह्याच्या गाडीत बसला. गडब गेलं, नागोठणे गेलं. मांडीवरच्या पोत्यातून उंदराचा कान टोचत होता. आयुष्यभर त्याने देव मांडीवर घेऊन रंगवले होते, पण कधी असं शिसारी आल्यासारखं झालं नव्हतं. शेजारच्या माणसाने काय आहे विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाट.

रोह्याला उतरून त्याने टपरीवर चहा घेतला आणि प्रणितचं ऑफिस विचारलं. चहावाल्याने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मूर्तीवाले का, म्हणाला. आणि चहा निवायच्या आत त्याने न विचारता सांगून टाकलं, की याच्या आधी प्रणितचा एक भागीदार पाण्याच्या बाटल्यांच्या धंद्यात होता, त्याच्या आधीचा फार्महाऊसच्या, दोघेही आता इथून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरतात. इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुम्ही आधी विचारायचं ना. हिरामणला स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तीन वर्षं त्याने जी चौकशी केली नव्हती ती एका चहाची होती.

प्रणितच्या ऑफिसला काचेचा दरवाजा होता. समोरच्या भिंतीवर महिपतीचा मोठा केलेला फोटो, त्याला प्लास्टिकच्या झेंडूंची माळ. हा फोटो हिरामणनेच घरच्या भिंतीवरून काढून दिला होता. बाप मातीच्या गोळ्यावर वाकलेला, बोटं मातीत रुतलेली.

“या काका, या. फोन तरी करायचा. गाडी पाठवली असती.” प्रणित उठून उभा राहिला. पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा, हसरा. हसण्यात काही खोट नव्हती, हेच वाईट होतं.

हिरामणने पोत्यातून पाट काढून टेबलावर ठेवला. भुकटीचा एक ओघळ काचेवर सांडला. प्रणितने नाक मुरडलं, कागदाच्या रुमालाने भुकटी टिपली आणि पाट दोन बोटांनी जमिनीवर उतरवला.

हिरामणला वाटलं होतं, हा नाकबूल करील, गोदामातल्या माणसांवर ढकलील. तसं झालं नाही. प्रणितने सरळ सांगितलं. मागणी आली तेवढी शाडू कुठून आणायची? वरून शाडूचा हात दिला की कुणाला कळतं? शंभरात एखादं विसर्जन बिघडतं. निडीच्या आजीला तो नवा पाट देणार होता, सागवानी, वर मशिनने घराण्याचं नाव कोरलेला. वाहवा लिहायला दोन मुली ठेवल्या आहेत, गिऱ्हाइकांची नावं यादीतून घेतात. सगळेच लिहवून घेतात, काका. हॉटेलवाले, डॉक्टर, क्लासवाले.

“लोकं मूर्ती नाय बघत,” प्रणित म्हणाला. “पहिलं नाव बघतात. दुसऱ्या पानावर तर देव पण जात नाय.”

“माझ्या बापाचं नाव काढ तिथून.”

“ते कसं निघेल? पान फर्मचं हाय. सही तुमचीच हाय त्याच्यावर.”

“लोकांना खोटा देव विकलास.”

“आणि तुम्ही?” प्रणितने आवाज चढवला नाही. त्याने मोबाईल काढून हिरामणपुढे धरला. वाहवेचा एकेक मजकूर, आणि प्रत्येकाच्या खाली हिरामणने जोडलेले हात. हात, हात, हात. “मी पाठवायचो ते वाचत होता ना? तुमच्याकडून किती मूर्ती येतात ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. मागल्या वर्षी गावाबाहेर गोदामावर आला होता. आपण बाहेर खुर्च्या टाकून चहा प्यायलो. तुम्ही आत आला नाय, काका. मी काय दाराला कुलूप लावलं नव्हतं.”

बाहेरून टेम्पो मागे घेताना वाजणारी घंटी ऐकू येत होती. हिरामणला ती दुपार आठवली. गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून वास येत होता, प्लास्टर घट्ट होताना येतो तसा, कोमट, चुन्यासारखा. तो वास न ओळखणारा माणूस पेणमध्ये जन्माला यायचा आहे. त्याने वास घेतला होता, बशीत चहा ओतला होता आणि गाडी चुकेल म्हणून उठला होता.

टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवर महिपतीच्या नावाचं लेबल होतं. त्याने ती घेतली नाही. पाट उचलून पोत्यात घातला, आणि जाताना भिंतीवरचा बापाचा फोटो काढायला हात वर केला. फोटो खिळ्यावर टांगलेला नव्हता, भिंतीलाच चिकटवलेला होता. प्लास्टिकची माळ तेवढी हातात आली.

पुढचे दिवस त्याने पाट मोकळा करण्यात घालवले. आधी उंदीर गेला, मग पाऊल, मग तळ. शेवटचा लेप कानशीने घासून काढावा लागला, आणि त्याबरोबर लाकडही गेलं. काळ्याभोर पाटाच्या मधोमध एक फिकट खळगा राहिला. तेल चोळलं तरी तो काळवंडेना. निघालेली भुकटी कुठे टाकायची, हे मैनाला कळेना. केरात टाकवत नव्हती, पाण्यात सोडवत नव्हती. शेवटी तिने ती मागच्या दारी केळीपासून लांब पुरली आणि हात दोनदा धुतले.

पाट तो स्वतः निडीला घेऊन गेला. धोंडुबाई ओटीवर वाल निवडत होती. तिने पाट घेतला, उलटा करून हिरामणने मागे खडूने लिहिलेलं आपलं नाव बघितलं, सुलटा करून खळग्यावरून अंगठा फिरवला. बरं केलंस, म्हणाली. ज्या घरात महिपतीच्या पोराला जेवल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं, तिथे त्याला कुणी पाणी विचारलं नाही. तो अंगणात थोडा वेळ उभा राहिला आणि स्टेशनकडे वळला.

वकिलाकडे जाऊन भागीदारी मोडली. कागदावर मोडायला वेळ लागला नाही. पान मात्र जिथल्या तिथे राहिलं, सगळ्यात वर, बापाच्या फोटोसकट. तक्रार करायची सोय मोबाईलमध्येच होती. तिथे तक्रार टाकली की आभारी आहोत असं उत्तर यायचं, आणि पुढे काही नाही. त्याने कारखान्यावर मोठा फलक लावला: आमची दुसरीकडे कुठेही शाखा नाही. रस्त्याने जाणारे तो वाचत नव्हते. जो तो मोबाईलमध्ये बघून चालत होता.

त्याने पुन्हा माती भिजवली. दुसरं येतं काय?

आषाढ अर्धा सरला आणि पाट यायचे दिवस आले. दर वर्षी ओट्यावर विडा-सुपारीचं तबक मांडून ठेवत, तसं मैनाने मांडलं. येणाऱ्याने पाटावर नारळ ठेवायचा, मूर्तिकाराने पाटाला हळदकुंकू लावून तो फळीवर ठेवायचा, झाला व्यवहार. ना पावती, ना सही. गडबचे दोन पाट आले, पेणमधले जुने चार आले. फळीचा बाकीचा भाग मोकळाच राहिला.

एका दुपारी दारात गाडी थांबली. मुंबईकडचं तरुण जोडपं उतरलं. बाई फलक वाचत होती, नवरा मोबाईल वाचत होता. हिरामण लगबगीने पुढे झाला, गोणपाट बाजूला सारून माती दाखवली, साचा दाखवला. नवऱ्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मोबाईलमधल्या महिपतीकडे.

“ओरिजिनल रोह्याला आहे,” तो बायकोला म्हणाला. “हे नाव वापरतायत बहुतेक. पेणमध्ये असं फार चालतं, रिव्ह्यूत लिहिलंय.”

बायकोने हिरामणच्या हातांकडे किंचित किळसल्यासारखं बघितलं आणि दोघं गाडीत बसली. हिरामण कोपरापर्यंत मातीने माखलेला तसाच उभा राहिला. मोबाईलमधल्या त्या फोटोत बापाच्या खांद्यामागे एक लहान पोर मातीचा गोळा घेऊन बसलं होतं, ते पोर आपण आहोत, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. सांगूनही काय झालं असतं? पहिल्या नावापुढे दुसऱ्याने बोलायचं नसतं.

मैनाने आतून विचारलं, कोण होतं. कोणी नाही, तो म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात, उन्हं कलताना, धोंडुबाई आली. काठी टेकत, डोक्यावर तेच फडक्यातलं गाठोडं. हिरामण ओट्यावरून उतरून पुढे गेला आणि गाठोडं घ्यायला हात पुढे केले. धोंडुबाईने ते दिलं नाही. स्वतःच ओट्यावर चढली, बसली, गाठी सोडल्या आणि पाट मांडीवर घेतला. मधला खळगा अजून फिकट होता. तबकातली सुपारी तिने उचलली नाही.

मैना लगबगीने पाणी घेऊन आली. धोंडुबाईने तांब्या घेतला, प्यायली नाही.

“मैना गो, एक वाटी दे.”

मैनाने वाटी दिली. धोंडुबाईने तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि ती ओट्यावर ठेवली. मग काठीच्या टोकाने तिने भिंतीकडे दाखवलं. तिथे आदल्या दिवशी मोडलेल्या मूर्तीचा हात सुकत पडला होता, पुन्हा भिजवायला ठेवलेला.

“त्यातला तुकडा आण.”

हिरामणला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. या बाईने त्याला कधी माती विचारली नव्हती. त्याच्या बापाला विचारली नव्हती. सासूच्या मागून चालत पहिल्यांदा या ओट्यावर आली तेव्हापासून ती पाट ठेवायची, पोरंबाळं बरी आहेत का विचारायची आणि गाडीला पळायची. रागावावं असं त्याला क्षणभर वाटलं. रागवायला तोंड कुठे होतं? त्याने त्या मातीच्या हाताचं एक बोट मोडलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

धोंडुबाईने ते नाकाशी नेलं, अंगठ्याने चोळलं आणि वाटीत सोडलं.

तुकडा तळाशी गेला. काही झालं नाही. मैना दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. धोंडुबाई पाटावर दोन्ही हात ठेवून वाटीवर वाकली होती. मग तुकड्याच्या कडेने बुडबुडे निघाले, बारीक, एकामागून एक. कड ढासळली, बोटाचा आकार गेला, पाणी गढूळ झालं. धोंडुबाईने वाटीत बोट घालून तळापर्यंत फिरवलं. हाताला गाळाशिवाय काही लागलं नाही. तिने बोट पदराला पुसलं आणि पाट उचलून पुढे केला.

हिरामणने पाटाची कड धरली, तेव्हा त्याला उमगलं की इतका वेळ तोही श्वास रोखून वाटीतच बघत होता. माती त्याची होती, भिजवली त्याने होती, तुडवली त्याने होती. तरी तो बघत होता.

त्याने पाट हलकेच स्वतःकडे ओढला. दुसरी कड धोंडुबाईने अजून सोडली नव्हती.